मदत हवी आहे: वेडा चाहता आणि सिनेमाचं शूटिंग असलेला भयपट
आमच्या फिल्म क्लबसाठी ‘द लास्ट हॉरर फिल्म’ला (१९८२) जोडीचा सिनेमा शोधतोय. त्यात न्यूयॉर्कचा टॅक्सीवाला आवडत्या नटीला आपल्या सिनेमात घ्यायचंच म्हणून थेट फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात पोचतो. चित्रीकरण खऱ्या महोत्सवाच्या गर्दीत झालंय, आणि टॅक्सीवाल्याच्या आईचं काम, तो साकारणाऱ्या जो स्पिनेल या नटाच्या सख्ख्या आईनेच केलंय! दोघं एका फ्रेममध्ये आली की भीती बाजूलाच राहते, जीव तुटतो. ‘फेड टू ब्लॅक’ (१९८०) आणि ‘पीपिंग टॉम’ (१९६०) दाखवून झालेत. रक्तपात चालेल, भाषा कुठलीही, पण इंग्रजी सबटायटल्स हवीत आणि लांबी दोन तासांच्या आत. १९९० पूर्वीचा, कमी खर्चातला, असा चाहता आणि शूटिंग दोन्ही असलेला आणखी कोणता भयपट आहे?