विचारल्याशिवाय ते गाव उलगडत नाही

जुना काळ जिवंत करून दाखवणाऱ्या संग्रहालयांतली वेशभूषा केलेली पात्रे म्हणजे लहान मुलांची करमणूक, मोठ्यांनी तासाभरात फेरी आटोपावी, असे काहींचे मत असते; त्याच्याशी मी सहमत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात असलेल्या प्लिमथ पटक्सेट संग्रहालयात १६२७ सालची इंग्रज वसाहत उभी केली आहे आणि तिथली पात्रे त्याच काळात राहून बोलतात. ही वसाहत वसवायला मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या १०२ प्रवाशांपैकी जवळपास निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले, हे मी आधी वाचले होते. पण चुलीच्या धुराने डोळे चुरचुरत असताना, भांड्यातले ढवळणे न थांबवता एखादी बाई ते आपल्या शेजाऱ्यांविषयी बोलावे तसे सांगते, तेव्हा तो आकडा राहत नाही.

संग्रहालयातच शेजारी असलेल्या, वांपानोआग या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या वस्तीत मात्र रीत वेगळी आहे, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. तिथले मूळनिवासी कर्मचारी कोणतेही पात्र वठवत नाहीत, तर आजची माणसे म्हणून आपल्या पूर्वजांविषयी बोलतात. म्हणून त्यांच्या पोशाखाला सोंग समजू नये.

जाणार असाल तर पात्रांना मोबाइल किंवा विमानाविषयी विचारून कोंडीत पकडू नका. त्यापेक्षा हातातल्या कामाविषयी विचारा: हे लाकूड कोणी तोडले, पावसात छप्पर गळते का, पीक बुडाले तर काय खाता? अशा प्रश्नांची उत्तरे लांबत जातात, त्यामुळे अर्धा दिवस तरी हाताशी ठेवावा.