कीबोर्ड आत्ता बदलावा की नव्या मॉडेलसाठी थांबावे?

मूळ विषय (पंचवटी):
भजनाच्या कार्यक्रमांत मी नऊ वर्षे एकच ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड वाजवत आहे. आता मधल्या सप्तकातील तीन पट्ट्या बिघडल्या आहेत. बोट हलके ठेवले तरी गंधार एकदम किंचाळतो आणि बुवांची मान माझ्याकडे वळते. यामाहाचा पीएसआर-एसएक्स९२० घ्यावा असे मनात आहे, परंतु लाखाच्या वर पैसे मोजल्यावर वर्षभरात त्याहून सरस वाद्य बाजारात आले तर काय, ही धास्ती जात नाही. त्यामुळे पुढचे मॉडेल येईपर्यंत थांबावे, असे माझे मत झाले आहे.

प्रतिसाद (गंगापूर रोड):
हे मत मला पटत नाही. एसएक्स९०० हे मॉडेल २०१९ मध्ये आले आणि एसएक्स९२० हे २०२४ मध्ये. हाच वेग धरला तर आपण २०२९ ची वाट पाहत आहात, आणि दरम्यान २०२७ च्या सिंहस्थात पंचवटीतील वादकाला उसंतही मिळणार नाही. शिवाय असे वाद्य आज घेतले आणि उद्या कार्यक्रमाला नेले, असे होत नाही. प्रत्येक अभंगाचा ठेका, लय, आवाज आणि गाणाऱ्याची पट्टी, कोणाची काळी चार तर कोणाची काळी पाच, हे सारे आधी त्यात साठवून ठेवावे लागते. माझे दोन महिने त्यातच गेले.

प्रतिसाद (नाशिक रोड):
थांबावे असेच मी म्हणेन, मात्र नव्या मॉडेलसाठी नव्हे. एका गंधारापायी एवढा खर्च कशाला? पट्टीखाली रबराचे दोन संपर्कबिंदू असतात आणि पहिला व दुसरा जुळण्यातील वेळ मोजून बोटाचा जोर ठरतो. तेथे धूळ बसली की मोजणी चुकते आणि हलका स्पर्शही जोराचा ठरतो. कीबोर्ड जाणकाराकडून खोलून घ्यावा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने संपर्क हलक्या हाताने पुसावेत, पण रबरावरील काळा थर खरवडू नये.

प्रतिसाद (गंगापूर रोड):
दुरुस्ती अवश्य करावी, पण तिने नऊ वर्षांपूर्वीचे आवाज नवे होणार नाहीत. सनईच्या नावाखाली जे वाजते, ते ऐकून घेणाऱ्या श्रोत्यांचाही थोडा विचार व्हावा.

मूळ विषयकर्ता (पंचवटी):
काल कीबोर्ड खोलला. गंधाराखाली चक्क बुक्का साचला होता! पुसल्यावर दोन पट्ट्या सुधारल्या. कोमल निषाद मात्र अजून हट्टाला पेटला आहे. पुढच्या मॉडेलची वाट पाहण्याचा मुद्दा मी मागे घेतो. सनईबद्दलचा टोला खरा असल्यामुळे एसएक्स९२० दिवाळीनंतर घेईन, म्हणजे अभंग साठवायला सिंहस्थापूर्वी पुरेसा वेळ मिळेल. तूर्त रबराची नवी पट्टी मागवली आहे. ती येईपर्यंत शनिवारचे भजन पेटीवर होईल, आणि बुवांना तेच अधिक आवडेल अशी मला भीती वाटते.