गायरानावर सोलर येतंय, सोमवारी ग्रामसभा. हरकत कशी लिहायची?

माळकरी_खानापूर
आमच्या गावचं गायरान सोलर कंपनीला द्यायचं चाललंय. मोजणी झाली, लाल-पांढरे खुंट मारले, एका कोपऱ्यात जेसीबीने चरही काढला. सोमवारी ग्रामसभेत ना-हरकतीचा ठराव मांडणार आहेत. मला लेखी हरकत द्यायची आहे. कुणाच्या नावाने लिहू आणि त्यात काय घालू? नमुना असेल तर लगेच टाका, वेळ नाही.

निपाणीचा_शेतकरी
किती एकर? योजना कुठली? काही न सांगता नमुना कुठला टाकणार?

माळकरी_खानापूर
४० एकरच्या आसपास. योजना शेतीच्या फीडरची (शेतपंपांची वीजलाईन सोलरवर चालवायची), कुसुम म्हणतात तीच. बाकी सगळं कागदात आहे पण कागद कन्नडमध्ये आहे.

निपाणीचा_शेतकरी
मग मी तुमच्या विरोधात आहे, स्पष्ट सांगतो. आमच्याकडं रात्री दोनला थ्री फेज येते. काळोखात पाणी पाजायला जाताना पायाखाली साप आहे का बघत जायचं. फीडर सोलरवर गेला तर दिवसा करंट मिळणार आहे. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, तेवढी जमीन सबस्टेशनजवळ द्यावीच लागणार. सगळ्यांनी हरकती घेतल्या तर वीज कुठून येणार?

रानवाट
दिवसा वीज हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण जागा गायरानाचीच का? ते रिकामं दिसतं म्हणून? पावसाळ्यानंतर जाऊन बघा, कुसळी, मारवेल, पवन्या गुडघ्याएवढं असतं. ज्याच्याकडे गुंठाभर रान नाही त्याच्या शेरडांचं पोट त्यावर चालतं. नुकसानभरपाई मिळते ती उताऱ्यावर नाव असणाऱ्याला, चारणाऱ्याला काही नाही.
माळकरी, एक सांगा. जमीन उताराची आहे का? खाली तळं, ओढा काही?

माळकरी_खानापूर
उताराची आहे. खाली गावचं तळं, त्यावर भात आहे. जेसीबीने चर काढला तिथे बघितलं, वितभर तांबडी माती आणि खाली मुरूम. पहिल्या वळवाच्या पावसात त्या चराची माती सरळ तळ्याच्या तोंडाशी आली. अजून पॅनेल बसलेलं नाही तर ही गत.

रानवाट
मग हरकतीत हेच पहिलं लिहा आणि फोटो जोडा. पॅनेलवरचं पाणी एकाच ओळीत खाली पडतं. सपाटीकरण करून गवत काढलं की तिथे घळ पडते आणि गाळ तुमच्या तळ्यात. मागणी अशी करा: सपाटीकरण नको, गवत राखा, पॅनेल उंच बसवा म्हणजे खाली शेळ्यामेंढ्या चरतील, समपातळी चर काढा. पर्यावरण मंजुरी नाही, एवढ्या मुद्द्यावर विसंबू नका. २००६ च्या अधिसूचनेखाली सोलरला ती लागतच नाही.

तिलारीकाठ
सोलरला जमीन फार लागते. यापेक्षा भूऔष्णिक, म्हणजे जमिनीच्या पोटातल्या उष्णतेवरची वीज करा. देशात ३०० च्या वर गरम पाण्याची ठिकाणं नोंदलेली आहेत, आपल्या जवळ कोकणात उन्हवरे, तुरळ, राजवाडी आहेत. लडाखच्या पुगा खोऱ्यात ओएनजीसीने बोअर मारलेत. जागा थोडी लागते आणि वीज रात्रंदिवस.

भूगोलवाला
जागा थोडी लागते हे खरं, पण त्यालाही किंमत आहे. न्यूझीलंडमध्ये वायराकेईला १९५८ पासून वीज करतात. तिथे वाफपाणी उपसून जमीन काही ठिकाणी दहा मीटरपेक्षा जास्त खचली. स्वित्झर्लंडच्या बाझेलला २००६ साली खोल बोअरमध्ये दाबाने पाणी सोडलं, भूकंपाचे धक्के बसले आणि काम थांबवावं लागलं. वर येणाऱ्या पाण्यात आर्सेनिक, बोरॉन असू शकतं, ते परत जमिनीत नीट सोडलं नाही तर ओढ्यात जातं. कोकणातल्या झऱ्यांवर शेती आणि देवस्थानं आहेत, तिथेही सरकारी जमिनीचा हाच प्रश्न येईल.

तिलारीकाठ
म्हणून काय काहीच करायचं नाही? तंत्र सुधारलंय आता. वापरलेलं पाणी परत जमिनीत सोडतात.

सीमाभाग_८६५
मूळ मुद्दा कन्नड कागदाचा आहे. १५ टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, हे १९५६ पासून ठरलेलं आहे. मराठी प्रत मागा. खानापुरात आपल्या माणसाला आपल्याच गायरानाचा कागद वाचता येऊ नये हा अन्याय आहे.

निपाणीचा_शेतकरी
सीमाप्रश्न इथे नको. सोमवारी ग्रामसभा आहे त्यांची.

सीमाभाग_८६५
न वाचलेल्या कागदावर हात वर करायचा का? हा त्याच सभेचा प्रश्न आहे.

वकिली_बेळगाव
अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, प्रत तहसीलदार आणि पीडीओंना (ग्रामपंचायतीचे विकास अधिकारी), पोच घ्या. गायरान राखून ठेवणं कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४ च्या कलम ७१ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. १९६६ च्या नियमांत नियम ९७ बघा: दर १०० जनावरांमागे १२ हेक्टर गायरान. सध्याचा मजकूर तालुक्याच्या कचेरीत पडताळून घ्या. गावची जनावरं किती आणि गायरान किती शिल्लक, हे आकडे जोडा. नुसतं 'आमची जमीन घेऊ नका' लिहून भागत नाही. ग्रामसभेत तोंडी बोललात तर इतिवृत्तात नोंद झालीय का, तिथेच वाचून घ्या.
आता तुम्ही अजून न सांगितलेलं: उताऱ्यावर गायरानच आहे की वन? वन असेल तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची परवानगी लागेल, अर्जच वेगळा होईल.

माळकरी_खानापूर
'भूमी' या कर्नाटकच्या जमीन नोंदींच्या साइटवरून उतारा काढला. मालक सरकार, पुढे गोमाळ, म्हणजे गायरानच. वन नाही. तुमचं आणि रानवाट यांचं घेऊन अर्ज लिहायला बसतो, दिवसा वीज आम्हालाही हवी आहे हेही त्यात घालतो. गावच्या पश्चिमेला बंद पडलेली दगडाची खाण आहे, तीही सरकारी, ती पर्यायी जागा म्हणून सुचवतो.

निपाणीचा_शेतकरी
खाण सबस्टेशनपासून किती लांब? ते लिहिलं नाही तर पहिल्या फटक्यात उडवून लावतील.

माळकरी_खानापूर
गायरानापेक्षा जवळ आहे. आता अडलंय ते जनावरांच्या आकड्यावर. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलं तर डॉक्टर सोमवारी भेटतील म्हणाले, आणि ग्रामसभा सोमवारी सकाळीच. पशुगणनेचा गाववार आकडा दुसरीकडे कुठे मिळतो का? तालुक्याच्या ऑफिसात शनिवारी कुणी असतं का?