संग्रहालयं, राजवाडे, जुने वाडे: तुम्ही कुठल्या वस्तूपुढे रेंगाळलात?

मधुमालती
सुट्ट्या तोंडावर आल्या की तिकिटं, वेळा आणि 'पाहण्यासारखी दहा ठिकाणं' अशा याद्या ढिगाने मिळतात. त्या इथे नकोत. एखादी वस्तू घरी आल्यावरही डोळ्यांपुढून हलली नसेल, तर ती सांगा.

सुरुवात माझी. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकर म्हणजे कवी 'अज्ञातवासी'. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी आपल्या संग्रहाला दिलं. कोथरूडहून आणून उभारलेल्या मस्तानी महालाकडे सगळे आधी जातात, मी मात्र वज्र्यांच्या कपाटापाशीच उभी राहिले. पाय घासायची वज्री, खालून खरखरीत आणि वर नक्षी, प्राणी, पक्षी! टाचा घासायची वस्तूसुद्धा देखणी असावी, असं त्या कारागिराला वाटलं. आमच्या घरातली वज्री मोडीत गेली. ती कशासाठी होती, हे सांगणारं माणूसच तोवर उरलं नव्हतं. म्हणून असे संग्रह हवेत.

तेरेखोल
सावंतवाडीचा राजवाडा. दरबार हॉलमध्ये कारागीर बसून गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे पत्ते, रंगवतात आणि आपल्याला शेजारी उभं राहून बघता येतं. दशावतारी गंजिफाच्या संचात 120 गोल पानं असतात. दहा अवतारांची प्रत्येकी बारा: राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. मत्स्याच्या पानांवर मासे मोजायचे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. मी गेलो तेव्हा एक ताई मासे काढत होत्या. कुंचल्याचं टोक टेकलं की डोळा, हलकेच ओढलं की शेपटी. पुढचा मासा तस्साच, आणि छापाची मदत कसलीच नाही. शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही बुडत चाललेली कला राजवाड्यातच पुन्हा उभी केली. त्यांचे आपल्यावर फार उपकार आहेत. जमलं तर एखादं पान तरी विकत घ्या, कारागिरांना काम मिळतं.

मधुमालती
आम्ही वाडीवरून दरवर्षी गोव्याला जातो. या वेळी थांबणारच.

कावेरीकाठ
नोकरीमुळे चेन्नईत आहे, म्हणून तंजावरबद्दल लिहिते. बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाचं, हजार वर्षांपूर्वीचं. त्याच्या भिंतीवर आपली भाषा भेटेल असं मनातही नव्हतं. दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसले वंशाचा इतिहास तिथे दगडात कोरून घेतला, तोही मराठीत. शिलालेख लांबच लांब आहे. सलग वाचायला चिकाटी हवी, पण ओळखीचं एकेक नाव सापडत गेलं की पाय निघत नाही.

मी मोठ्याने वाचत होते, तेवढ्यात एक आजी जवळ आल्या आणि मराठीत बोलायला लागल्या. हेल तमिळ, वळण जुनं. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या हीच बोली आहे. व्यंकोजीराजांबरोबर आणि नंतर गेलेल्यांचे वंशज आजही तिथे आहेत, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि "जेवलीस का?" असं त्यांच्या तोंडून ऐकणं वेगळं. सरस्वती महाल ग्रंथालयाला लागून छोटं संग्रहालय आहे, तेही चुकवू नका. आत मोडीतले कागद मोठ्या संख्येने आहेत. मोडी वाचणाऱ्या तरुणांनी तिकडे जायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

लालबाग_परळ
भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय. आत जायच्या आधी बाहेरचा दगडी हत्ती बघा. घारापुरीला 'एलिफंटा' हे नाव पडलं ते याच्यामुळे. 1864 मध्ये इंग्लंडला न्यायच्या खटपटीत तो फुटला, पुढे तुकडे जोडून उभा केला. मुलांना ही गोष्ट सांगितली की ती जोड शोधत बसतात.

माणदेशी
औंधचं नाव अजून कसं आलं नाही? यमाईच्या डोंगरावर, सातारा जिल्ह्यात, भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये संग्रहालय उभारलं. छोट्या संस्थानाचा राजा, स्वतः चित्रकार. रविवर्म्याची मूळ चित्रं तर आहेतच, पण हेन्री मूरचं दगडातलं 'आई आणि मूल' तिथे आहे! चेहरे जवळजवळ नाहीतच, तरी आईचा भार आणि बाळाचं बिलगणं कळतं. ज्या शिल्पकारासाठी लोक लंडनला जातात, त्याचं काम आपल्या दुष्काळी पट्ट्यात आहे. एसटीने जाता येतं. शाळांच्या सहली महाबळेश्वरला जातात, औंधला का नेत नाहीत?

नवी_आई
पाच वर्षांच्या मुलाला घेऊन कुठे जावं? तो दालनात टिकत नाही.

माणदेशी
हैदराबादचं सालारजंग. तास भरत आला की मोठ्या घड्याळासमोरच्या बाकांवर बसा. त्यातून छोटी बाहुली बाहेर येते आणि घंटेवर टोले देते. सगळे श्वास रोखून बघतात, मोठेसुद्धा. बारा वाजता जा, टोले जास्त मिळतील. शुक्रवारी बंद असतं.