मदत हवी आहे: पायथनमध्ये मराठी अक्षरं तोडायची कशी?
पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला लागून दीड महिना झालाय. उलटसुलट सारखंच वाचता येणारं वाक्य ओळखायचा प्रोग्रॅम लिहिला. इंग्रजीत चालतो, पण ‘ती होडी जाडी होती’ दिलं की, मधल्या जागा काढूनही, उत्तर ‘नाही’!

शोधल्यावर कळलं, युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत) काना-वेलांट्या स्वतंत्र चिन्हं असतात. म्हणून ‘मराठी’ची लांबी ३ नाही, ५ येते. मग ती चिन्हं वगळून मोजलं. ‘मराठी’ जमलं, पण ‘क्षमा’ २ ऐवजी ३, कारण मधला हलन्तही (पाय मोडायचं चिन्ह) गेला आणि क नि ष सुटे झाले. शिवाय अशाने ‘ती’ आणि ‘ता’ एकच की!

जोडाक्षरासकट अख्खं अक्षर वेगळं काढणारी एखादी लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड) आहे का, की एकेक चिन्ह तपासत जाणारा लूप मीच लिहू? लूप असेल तर तयार कोड नको, नुसती दिशा दाखवा.