मदत हवी आहे: ‘टेल’ म्हणजे सांगणे, मग मोजणे कुठून आलं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात आठवीला इंग्रजी शिकवतो. बँकेत ‘टेलर’ ही पाटी पाहून एका मुलीनं विचारलं, सर, इथं कपडे शिवतात का? शिवणारा टेलर वेगळा. नोटा मोजणारा टेलर मात्र ‘टेल’ या क्रियापदापासूनच आलेला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ मोजणे असाही होता. जर्मनमध्येही ‘त्सेलेन’ म्हणजे मोजणे आणि ‘एर्त्सेलेन’ म्हणजे गोष्ट सांगणे. इतकं सापडलं.

शाळेतल्या शब्दकोशात फक्त आजचे अर्थ आहेत, व्युत्पत्ती नाही. गावात नेट धड चालत नाही, म्हणून एकदा उतरवून ठेवता येईल असंच पुस्तक सुचवा, फुकट असेल तर उत्तम. पोरांना मराठीतून समजावायचं आहे.

मोजण्यातून सांगण्याचा अर्थ नेमका कसा निघाला? आणि ‘टॉक’ही याच कुळातला का?