मदत हवी आहे: एयूआरमधलं बेवारस पॅकेज नावावर करून घेऊ का?

मंडळी, आर्च लिनक्सवाल्यांचा सल्ला हवाय.

रोजच्या वापरातलं एक छोटं पायथन टूल मी एयूआरवरून (आर्च वापरणाऱ्यांनीच टाकलेल्या पॅकेजांचा साठा) घेतलंय. पायथन ३.१३ आल्यापासून ते सुरूच होत नाही. आधी वाटलं नेहमीचंच दुखणं: आवृत्ती बदलली की जुन्या फोल्डरमधली पॅकेजं नव्या पायथनला दिसत नाहीत, परत बिल्ड केलं (पॅकेज नव्याने बनवलं) की भागतं. बाकीची तशी भागलीही. हे अडलं, कारण कोडमध्ये सीजीआय मॉड्यूल (पायथनबरोबरच येणारा तयार कोड) इम्पोर्ट केलंय, आणि ३.१३ मधून जी १९ जुनी मॉड्यूलं काढली त्यात ते गेलं. वापर तरी कशाला, तर एका हेडरचे तुकडे करायला! छोटासा पॅच (कोडमधली दुरुस्ती) लावून माझ्याकडे चालतंय.

मूळ प्रोजेक्ट थंड आहे. एयूआरवरचा मेंटेनर (पॅकेज सांभाळणारा) कॉमेंटला उत्तर देत नाही. कुणीतरी 'आउट ऑफ डेट'चा फ्लॅग लावलाय, पण तो नवी आवृत्ती आली तरच लावायचा ना? इथे नवी आवृत्ती आलेलीच नाही.

तर ऑर्फन रिक्वेस्ट (मेंटेनरकडून पॅकेज सोडवून बेवारस करायची विनंती) टाकू, की स्वतःपुरतं पीकेजीबिल्ड (पॅकेज कसं बनवायचं ते सांगणारी फाइल) सांभाळत बसू? नावावर घेतलं की पुढच्या पायथनला जे मोडेल तेही माझ्याच गळ्यात. शिवाय २०१८ चं अ‍ॅक्रोरीड प्रकरण आठवतं. ऑर्फन पॅकेज कुणीतरी उचललं आणि नेटवरून स्क्रिप्ट ओढून चालवणारी ओळ त्यात घुसवली. मग माझ्यासारख्या अनोळखी माणसावर लोकांनी का भरवसा ठेवावा?

प्रतिसाद १
फ्लॅगचं बरोबर बोललात. तो १८० दिवस जुना झाला की ऑर्फन रिक्वेस्ट आपोआप मंजूर होते, पण चुकीच्या फ्लॅगचा असा फायदा घेऊ नका. पॅच कॉमेंटमध्ये टाका आणि को-मेंटेनर करून घ्या म्हणून विचारा. नाहीच उत्तर आलं तर रिक्वेस्ट टाका, मेंटेनरला दोन आठवडे मिळतात.

भरवशाचं म्हणाल तर सोर्स मूळ प्रोजेक्टचाच ठेवा, पॅचची वेगळी फाइल आणि तिचा चेकसम (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा आकडा) द्या, पीकेजीरेल (त्याच आवृत्तीच्या पॅकेजचा क्रमांक) वाढवा. पीकेजीबिल्ड वाचणाऱ्याला काय बदललं ते लगेच दिसलं पाहिजे. पुढे झेपलं नाही तर डिसओन करता येतं (ताबा सोडता येतो), लग्न नाही लावत आहात.

धागाकर्ता
आभार! कॉमेंट टाकली. अजून एक: मूळ कोडमध्ये टेस्ट आहेत, पण पीकेजीबिल्डमध्ये त्या चालवणारं चेक फंक्शन नाही. पॅचबरोबरच घालू, की ताबा मिळेपर्यंत थांबू?